एकही तक्रार नाही

लग्नाच्या पंगतीत एखादा माणूस समोर येऊन उभा राहतो, शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली स्टीलची चपटी पट्टी काढतो आणि जेवणाऱ्याच्या नाकाखाली धरतो. बाहेरगावचे पाहुणे बघत राहायचे. आमच्याकडची माणसं मात्र हातातला घास ताटात ठेवायची आणि शांतपणे नाकानं श्वास सोडायची. पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटायचे. चष्मा कपाळावर चढवून ते डाग डॉक्टर निरखायचे आणि म्हणायचे, "दोन्ही सारखे. जेव आता."

ते कान-नाक-घशाचे डॉक्टर. राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर दवाखाना, त्याच्या वर घर. अजूनही बसतात, म्हणून नाव लिहीत नाही. माझी बायको शोभा हिचं माहेर कागलजवळचं, आणि डॉक्टर त्याच गावचे. रक्ताचं नातं काही नाही, पण गावात जन्मलेली प्रत्येक मुलगी त्यांना काका म्हणते. लग्नानंतर मीही म्हणू लागलो.

काकांना माणसांची नावं आठवत नसत. नाकं आठवत. बँकेत, दूध डेअरीवर कोणी नमस्कार केला की ते त्याच्या चेहऱ्याकडं न बघता थोडे वाकून खालून वर बघायचे, आणि मग ओळख पटायची. "तू डावं वाकडं होतास. बस, बस." माझी ओळख त्यांनी एकदा दुसऱ्या डॉक्टरांना करून दिली ती अशी: "हा आमच्या शोभीचा नवरा. नाक सरळ आहे. माझ्या काही कामाचा नाही."

त्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत एकही खुर्ची नव्हती. सोफा, टीपॉय, शोकेस, काही नाही. आलेल्यानं भिंतीलगत सतरंजीवर बसायचं. काकूंनी माहेराहून आणलेलं शिसवी कपाट काकांनी देऊन टाकलं होतं, ते का, असं मी एकदा भाबडेपणानं विचारलं. काकू आतल्या दाराशी उभ्या होत्या, त्यांच्या देखतच काका म्हणाले, "खोली काय नि नाक काय, वारा अडेल असं आत काही ठेवायचं नाही." काकू हसल्या. ते हसू मला त्या वेळी कौतुकाचं वाटलं होतं.

हे नुसतं बोलणं नव्हतं. तीच त्यांची ऑपरेशनची पद्धत होती.

माझा नाकाशी संबंध आला तो शोभामुळं, त्यामुळं मला जे कळतं ते तेवढंच. नाकाच्या मधोमध एक पडदा असतो, पुढं कूर्चेचा, मागं हाडाचा. तो वाकडा असला की एक बाजू बंद पडते. बाजूच्या भिंतींवर मांसल उंचवटे असतात, डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. आत येणारी हवा त्यांना घासून जाते, तशी ती गरम होते, ओली होते. काका पडद्यातला वाकडा भाग मोठ्या तुकड्यानं काढून टाकत, आणि दोन्ही बाजूंचे उंचवटे मुळापासून कापत. त्यांनी शिक्षण घेतलं तेव्हा बरेच जण असंच करत, हेही सांगितलं पाहिजे. पुढं बाकीच्यांनी पद्धत बदलली. काकांनी नाही. परिषदांना ते जात नसत. "तिथं लोक जेवायला जातात," म्हणायचे. नव्या डॉक्टरांविषयी त्यांचं एकच वाक्य होतं: "अर्धं भांडं घासतात आणि घासलं म्हणून सांगतात."

शोभाचं ऑपरेशन त्यांनी केलं त्याला आता अकरा वर्षं झाली. पहिलं वर्ष फार छान गेलं, हे मी मुद्दाम लिहितो. ती तोंड मिटून झोपायला लागली. शेजारच्या घरातली फोडणी तिला आमच्या स्वयंपाकघरात कळायची. ती गावी गेली की काकांचं कौतुक सांगत सुटायची, आणि त्या कौतुकावर भावकीतले दोघे-तिघे येऊन ऑपरेशन करून गेले.

तिसऱ्या वर्षी सुरुवात झाली. सकाळी नाकातून वाळलेल्या खपल्या निघायच्या, त्याबरोबर रक्त. मग पडद्याला भोक पडलं. जिना चढून आली की नाकातून बारीक शिट्टी वाजायची. मुलगी लहान होती, तिला आधी त्याची गंमत वाटायची. मग वास कमी होत गेले आणि एक दिवस गेलेच. पण खरा त्रास निराळाच होता, आणि तो मला समजायला वेळ लागला. नाक इतकं मोकळं असून तिला श्वास आल्यासारखं वाटेना. हवा आत जायची, पण गेलेली कळायची नाही. उशा रचून ती बसून झोपायची. मी टॉर्च लावून बघायचो, आत नुसता बोगदा. मी म्हणायचो, "अगं, मोकळं तर आहे." आमचे घरचे डॉक्टरही तेच म्हणायचे, आणि मनावर घेऊ नका म्हणायचे.

आणि या सगळ्या काळात, लग्नात, बारशात, बाजारात, काका भेटले की पट्टी बाहेर यायची. "कसं आहे, शोभे?"

"बरं आहे, काका."

डाग दोन्ही सारखे. पट्टी पुन्हा रुमालात.

मी शिरोलीला एका फाउंड्रीत तपासणी विभागात आहे. सबंध दिवस गेज हातात असतं. भोक मापात आहे की नाही ते गेज सांगतं. भोकाभोवतीची भिंत पातळ झाली आहे आणि तो नग सहा महिन्यांनी गाडीत बसल्यावर तडकणार आहे, हे ते गेज सांगत नाही. त्याला आम्ही दुसरं माप घेतो. काकांच्या पट्टीविषयी माझं एवढंच म्हणणं होतं. हवा जाते का, हे ती सांगत होती. जाणाऱ्या हवेचं माणसाला काय होतं, हे ती सांगत नव्हती.

हे माप चुकतं आहे, हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. दवाखान्याच्या खाली चहाचा गाडा आहे. शोभा सर्दीचं औषध घ्यायला जायची, तिचा नंबर येईपर्यंत मी तिथं थांबायचो. एकदा तिथं इचलकरंजीचा एक माग कामगार भेटला. त्याच्या नाकाचा मधला भाग खोलगट बसला होता, घोड्याच्या खोगिरासारखा.

"पावणं, तुमचंबी हितलंच व्हय?" त्यानं विचारलं.

"माझ्या बायकोचं."

"खपल्या धरत्यात?"

"धरतात."

"माझ्या तर रोज धरत्यात. आनि ह्यो बघा की, कणाच बसलाय. पोरं चपट्या म्हनत्यात." तो हसला. हसतानाही त्याच्या नाकातून शिट्टी वाजली.

शेजारी कागलकडचे एक म्हातारे शेतकरी उभे होते, हातात काकवीचा डबा. ते म्हणाले, "मला तर वासच कळंना झालाय. परवा दूध करपलं, सून वरडायला लागली तवा कळलं."

मी म्हणालो, "मग आत जाऊन सांगा की."

दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काही वंगाळ बोललो. म्हाताऱ्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "त्यास्नी काय सांगायचं? देवमाणूस हाय. आमच्या नातवाच्या कानाचं एक रुपया न घेता केलंय त्यांनी."

"पण त्यांना कळणार कसं?"

"आपल्या नशिबानं झालंय ते त्यास्नी कशाला ऐकवायचं, पावणं?"

आणि वर जाऊन ते काय म्हणाले ते मी ऐकलं. "बरं हाय की, डाक्टर."

काकांच्या हातून सगळ्यांचंच वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पुष्कळांचं चांगलं झालं असेल. किती जणांचं बिघडलं हे मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं, आणि ते मात्र माहीत असल्यासारखं बोलत होते, एवढीच माझी तक्रार आहे.

शोभा का बोलत नव्हती, ते मला ठाऊक होतं. माझ्या सासऱ्यांना घशाचा कॅन्सर झाला तेव्हा गळ्यात नळी बसवली होती. शेवटचे चार महिने काका दर रविवारी स्वतःची गाडी काढून गावी जायचे आणि ती नळी साफ करून यायचे. कोणी बोलावलं नव्हतं. सासऱ्यांना बोलता येत नव्हतं, ते नुसते हात जोडायचे, आणि काका त्यांना रागवायचे, "हात खाली. नळी हलते." हे शोभानं उंबऱ्यात उभं राहून बघितलेलं. अशा माणसासमोर आपल्या नाकाचं रडगाणं काय गायचं, असं तिचं म्हणणं. मला ते पटत नव्हतं, पण समजत होतं.

तीन वर्षांपूर्वी आमची मुलगी प्रज्ञा कॉलेजच्या कबड्डीत पडली. समोरच्या मुलीचं कोपर नाकावर बसलं. सूज उतरल्यावर डावी बाजू बंद. त्याच आठवड्यात गावाकडच्या एका साखरपुड्यात काका भेटले. पट्टी धरली, एकच डाग उमटला. त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्याच्या नाकात बिघाड सापडला की त्यांना असा आनंद व्हायचा, गाडीचा आवाज ऐकून फिटरला होतो तसा.

"शोभे, पुढच्या गुरुवारी आण हिला. दोन्हीकडून झाडून देतो. आईसारखं मोकळं करतो."

"आणते, काका," शोभा म्हणाली.

 घरी आल्यावर मी बोललो. "तू पाच वर्षं बसून झोपतेस. आणि पोरीला त्याच टेबलावर?"

"मग तिथं चार माणसांत नाही म्हणू?"

"हो."

"तुम्हाला सोपं आहे."

प्रज्ञा दाराला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "आई, तू त्यांना एकदा तरी सांगितलंयस का?" शोभा भाजी निवडायला बसली. एक जुडी संपली, दुसरी घेतली. 

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दोघींना घेऊन मिरजेला गेलो. तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी प्रज्ञाच्या नाकात दुर्बीण घालून समोरच्या स्क्रीनवर दाखवलं. पडद्यातली वाकडी कूर्चा काढून फेकायची नाही, सरळ करून तिथंच बसवायची, म्हणाल्या. पुढची आणि वरची कड सोडायची, नाकाचा कणा तिच्यावर उभा असतो. आतल्या दोन्ही अस्तरांना समोरासमोर चीर गेली तर भोक पडतं, म्हणून तिथं सावकाश जायचं. उंचवट्यांना हिच्या बाबतीत हात लावायची गरजच नाही. लागली असती, तरी आतून थोडे बारीक करून वरचं अस्तर राखलं असतं.

मी विचारलं, "मग पुढं त्रास होणार नाही?"

"धोका कमी होतो. शून्य होतो असं मी सांगणार नाही. आणि अगदी वारा सुटल्यासारखं मोकळंही वाटणार नाही."

इतकं सरळ उत्तर मला आठ वर्षांत कोणी दिलं नव्हतं. शोभा जिना चढून आली होती, तिची शिट्टी अजून थांबली नव्हती, ती बाईंनी ऐकली. त्यांनी तिलाही खुर्चीत बसवलं. आत बघून झाल्यावर विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"सर्दी झालीय थोडी," शोभा म्हणाली.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, काढलेलं परत बसवता येत नाही. ओलं ठेवायचं, धुवत राहायचं, भोकावर उपाय करून बघता येईल, पण पहिल्यासारखं होईल असं समजू नका.

बुधवारी मी काकांकडं गेलो. शोभा बरोबर आली, कारण मी एकटा काय बोलेन याची तिला भीती होती. मी सगळं क्रमानं सांगितलं. खपल्या, भोक, वास, झोप. काकांनी मध्ये तोडलं नाही. सांगून संपल्यावर त्यांनी पट्टी काढली आणि शोभाच्या नाकाखाली धरली.

"दोन डाग. सारखे. आणि हवं काय तुला?"

"काका, ही पट्टी चुकीचं माप घेते," मी म्हणालो. "तुम्ही नाकात आत बघता ते ऑपरेशननंतर दीड महिन्यानं, एकदाच. हिचा त्रास तिसऱ्या वर्षी सुरू झाला."

"तू लोखंड तपासतोस ना?"

"हो."

"मग लोखंड तपास." ते रागावलेही नव्हते. "अरे, पस्तीस वर्षं करतोय. एकही तक्रार नाही. एक माणूस दाखव मला."

"खाली चहाच्या गाड्यावर उभे राहा. तिथं सांगतात. वर आले की भिडेनं सांगत नाहीत."

काका उठले. दार उघडून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो, शोभा माझ्या मागं. बाहेर बाकांवर पंधराएक माणसं बसली होती, आणि त्यांत तो इचलकरंजीचा कामगार होता. मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

"नाकाची ऑपरेशनं केलेली किती जण आहात?" काकांनी विचारलं. सहा हात वर आले. "हा आमचा जावई म्हणतो, तुम्हाला नंतर त्रास झालाय. कुणाला झालाय त्यानं हात वर ठेवा."

सहाही हात खाली आले.

मी त्या कामगाराकडं बघितलं. तो आपल्या चपलांकडं बघत होता. "तुम्ही सांगा की," मी म्हणालो, "तुमचा कणा."

"त्ये आमचं घराण्यातच हाय तसलं नाक," तो म्हणाला.

कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "जावई कुठल्या गावचं?" दोघे-तिघे हसले.

काका वळले. त्यांच्या आवाजात विजय वगैरे काही नव्हता, आणि म्हणूनच मला तो जास्त लागला. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखे ते म्हणाले, "शोभे, तू सांग. तू माझ्याशी खोटं बोलायची नाहीस."

शोभानं पदर ओढून घेतला. सगळे तिच्याकडं बघत होते. तिचा श्वास जोरात चालला होता आणि शिट्टी वाजत होती, बारीक पण स्वच्छ, त्या शांततेत पंधराही जणांना ऐकू जावी अशी.

"बरं आहे, काका," ती म्हणाली.

घरी परतताना रिक्षात ती म्हणाली, "प्रज्ञाचं मिरजेला करा. काकांकडं नेऊ नका."

"मग तिथं का नाही बोललीस?"

"तिथं सगळे होते."

प्रज्ञाचं ऑपरेशन मिरजेला झालं. आज ती म्हणते, पूर्वीसारखं आहे, बरं आहे. मी अजून सात वर्षं तरी निकाल जाहीर करणार नाही. काकांना शोभानं निरोप दिला होता की पोरीची परीक्षा आहे, नंतर बघू. त्यांनी पुढं विचारलं नाही. म्हणजे ती का गेली नाही, हेही त्यांना कळलं नाही. एक तक्रार त्यांच्या दारात आली होती, तीसुद्धा परीक्षेच्या नावाखाली परत गेली.

काका तसेच करत राहिले. आमची पोर वाचली म्हणून मी गप्प राहिलो असतो, पण गेल्या वर्षी शोभाच्या भावाचा फोन आला. त्याच्या मुलीचं, रेश्माचं, नाक सतत बंद. मी पलीकडं बसून शोभाचं बोलणं ऐकत होतो.

"मिरजेला ने तिला," शोभा म्हणाली.

"का गं? काका आहेत की."

"असंच. ने."

"काकांचा हात चांगला नाही व्हय?"

 मी शोभाकडं बघत होतो, ते तिला कळत होतं. "हात चांगलाच आहे," ती म्हणाली.

"मग? तुझं बरं झालंय नव्हं?"

मी फोन मागितला. तिनं दिला. मी मेव्हण्याला सगळं सांगितलं, अगदी खपल्यांसकट. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "दाजी, तुमचं आणि काकांचं वाजलंय, ते कळलंय आम्हाला." आणि त्यानं रेश्माला काकांकडं नेलं.

दिवाळीत रेश्मा आली. दारातूनच म्हणाली, "आत्या, चिवडा केलास, खाली गेटपर्यंत वास येतोय." दिवसभर ती नाकानं मोठमोठे श्वास घेऊन दाखवत होती. "काय मोकळं वाटतंय, मामा. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं." मी हो म्हणत होतो. पहिलं वर्ष चालू होतं. जेवताना ती म्हणाली, "काकांनी विचारलं मला, आत्या कशी आहे. मी सांगितलं, एकदम मजेत."

शोभा ताटावरून उठली आणि आत जाऊन बराच वेळ आली नाही.

भाऊबीज झाल्यावर एका शनिवारी मी कामावरून आलो तर ती घरात नव्हती. आली ती दिवेलागणीला. चपला काढून पाय धुतले, मग खुर्चीवर बसली. जिना चढल्यामुळं शिट्टी वाजत होती.

"काकांकडं गेले होते," ती म्हणाली. "दवाखाना बंद झाल्यावर. वर घरी."

"सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. भोकाचं, झोपेचं. रेश्माचं असं होऊ देऊ नका, तिला दर महिन्याला बोलावून बघा, म्हटलं. आणि यापुढं कुणाचं असं करू नका, म्हटलं."

अकरा वर्षांनी हे घडलं होतं. मी समोर बसलो. "काय म्हणाले?"

"म्हणाले, वयानं होतं असं, शोभे. कोरडेपणा येतो."

"एवढंच?"

"मग सतरंजीवर बसवलं आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं."

"प्यालीस?"

"प्याले," ती म्हणाली. "काकूंनी विचारलं, वेलदोडा घातलाय, कसा झालाय. मी म्हटलं, वास छान येतोय."